सुटलीस बाई तू!

आज सकाळी जुन्या कार्यालयातील एका मैत्रिणीचा फोन आला आणि दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "सुटलीस बाई तू!" महानगर सोडून या आडबाजूच्या गावात येऊन मला तीन वर्षे झाली. एवढ्या काळात हे वाक्य कितीदा ऐकले याची गणती नाही, पण आज मात्र ते डोक्यात गेले. तुरुंगातून माणूस सुटतो. 40 खोकी बांधून ओळखीचे एकही दार नसलेल्या ठिकाणी बिऱ्हाड थाटणे याला सुटणे म्हणत नाहीत, हे तुम्हाला तरी समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी माझा चष्मा मोडला, म्हणजे मीच त्याच्यावर बसले. नंबर उणे सहा. चष्म्याशिवाय मला जेमतेम 16-17 सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. जुना चष्मा त्या 40 खोक्यांपैकी कोणत्या खोक्यात गेला, ते आजतागायत कळलेले नाही. चष्म्याचे दुकान येथून 80 किलोमीटरवर, आणि माझ्या नंबरच्या काचा त्यांनाही शहरातूनच मागवाव्या लागतात. नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी संगणकाच्या पडद्याला नाक लावून काम केले.

तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात एका धूसर आकृतीने विचारले, "आला का चष्मा?" पुढे रोज, रस्त्यावर, बसथांब्यावर, तोच प्रश्न आणि बहुतेक वेळा तोच किंचित घोगरा आवाज. मला संताप आला. चष्मा माझा, डोळे माझे, यांना काय करायचे आहे? शहरात एकाच इमारतीत 11 वर्षे राहिले, तर समोरच्या घरातल्यांना माझ्या चपला तेवढ्या ओळखीच्या होत्या. त्या अनोळखीपणाची सवय किती मुरली होती, ते येथे आल्यावर कळले.

"रात्री आकाश काय सुंदर दिसत असेल ना!" हे मैत्रिणीचे पुढचे वाक्य. दिसते. कृत्रिम उजेडामुळे जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशाने दाखवून दिले होते, आणि मला ती अंगणातून दिसते. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे द्यावी लागतात, एवढेच. पण त्या नऊ रात्री माझ्यासाठी वर नुसते काळे फडके होते.

आणि त्याच अंगणात उभी राहून मी दुसराही हिशेब करते, जो फोनवर कोणी विचारत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही आधी मेंदूचे स्कॅन करून. तशी सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायलाच येथून अडीच तास लागतात, तेही वाहन लगेच मिळाले तर. माझी आई 74 वर्षांची आहे आणि ती माझ्याबरोबर राहते. सुटलीस म्हणे!

हो, घर ऐसपैस आहे आणि कामावर जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास वाया जात नाहीत, हे मान्य. पण ते तुम्हाला ठाऊकच आहे.

नवव्या दिवशी चष्मा संध्याकाळच्या बसने, चालकाच्या हाती आला. मी थांब्यावर पोहोचेपर्यंत तिघांनी मला ती बातमी दिली होती. चालकाने खोके दिले, पण बस हलवली नाही. मी चष्मा घालेपर्यंत सारे जण थांबून राहिले. घातला, तेव्हा शेजारूनच तो घोगरा आवाज आला, "दिसतंय का आता?" मी मनात एक चौकस म्हातारी रंगवून ठेवली होती. प्रत्यक्षात ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती, खांद्याला दप्तर, एक वेणी सुटलेली. तिच्यावर नऊ दिवस मनातल्या मनात चिडले होते, आणि "दिसतंय" एवढाच एक शब्द मला कसाबसा बोलता आला.

मैत्रीण पुढच्या महिन्यात चार दिवस विश्रांतीसाठी येणार आहे. यावे, मला आनंदच आहे. नेहमीची औषधे आणि जादा चष्मा आठवणीने घेऊन ये, असे मी तिला कळवले; त्यावर ती दुपारपासून हसरे चेहरे पाठवते आहे.