पेन्सिल कोणाच्या हातात

निबंध परत आला तेव्हा पहिल्या पानावर मार्क नव्हते. लाल शाईत दोनच शब्द होते: 'रायटिंग सेंटर'. नाडीसुद्धा न बघता डॉक्टरने चिठ्ठीवर थेट मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहावं, तसं.

चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यापीठात नाव घातलं की अपमानाची तयारी ठेवावी लागते. ती मी ठेवली होतीच. शिवाय रायटिंग सेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणारी विद्यापीठातली जागा, याबद्दल माझी कल्पना अगदी सोयीची होती: ती एक लॉन्ड्री. चुरगळलेला निबंध टाकायचा, कडक इस्त्रीची घडी घेऊन यायचं. 'संध्याकाळी न्यायला येऊ का?' हा प्रश्नही मनात तयार होता. अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर 'आज कशावर काम करायचं आहे?' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'फक्त व्याकरण बघून द्यावे.' पुढे कळलं, हे वाक्य तिथे जवळजवळ प्रत्येक जण लिहितो आणि ते कोणीच मनावर घेत नाही.

ट्यूटर म्हणून समोर आली ती माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तीही विद्यार्थिनीच. पण माझा निबंध तिच्या ताब्यात जाणार होता, त्यामुळे 'अगं' म्हणायची हिंमत झाली नाही. ती टेबलापलीकडे न बसता माझ्या शेजारी बसली, निबंध माझ्यासमोर सरकवला, पेन्सिलही माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, "मोठ्याने वाचा."

"मी?"

"तुमचाच आहे ना?"

आता आपलं इंग्रजी लिखाण आपल्याच तोंडून ऐकणं म्हणजे काय, ते ज्याने रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकलाय त्याला थोडंफार कळेल. पहिलं वाक्य होतं, 'मानवाच्या उत्पत्तीपासून कचरा आणि मानव यांचे अतूट नाते राहिले आहे.' मी ते भारदस्त आवाजात वाचलं. तिने विचारलं, "उत्पत्तीबद्दल पुढे काही आहे का?"

"नाही."

"मग ती इथे काय करतेय?"

सुरुवात म्हणून केली होती, दुसरं काय! शाळेत निबंधाचं तोरण बांधायला शिकवतात, घरात माणसं आहेत की नाहीत ते कोण बघतो? पण हे इंग्रजीत सांगता येईना. मी उत्पत्ती खोडली.

तिसरं वाक्य वाचताना श्वास संपला. मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं, पुन्हा संपला. मोजलं तर एकाहत्तर शब्द. यात माझा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तोवर ऐकणाऱ्याने धीर धरायचा असतो. मी तोच रिवाज इंग्रजीला लावला होता आणि वाक्यापुरता न ठेवता अख्ख्या निबंधाला लावला होता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं असावं, कारण तिने पान उलटून विचारलं, "तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय?"

"ते पुढे येईल."

"कुठे?"

"येईल ना. चौथ्या पानावर."

"आता सांगा."

इथे मी गडबडलो. कचऱ्याच्या वर्गीकरणाचे सामाजिक पैलू, वर्तनाचे आयाम, बहुविध घटक... ती शांतपणे ऐकत राहिली. मध्ये बोलत नाही, मान हलवत नाही, घड्याळ बघत नाही. अशा शांततेत माणूस काहीही कबूल करतो. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अहो, लोक बेजबाबदार नसतात, डबे लांब असतात! एवढंच म्हणायचंय मला!"

"छान. हे निबंधात कुठे आहे?"

आम्ही दोघांनी शोधलं. पहिलं पान, दुसरं पान, सगळं चाळलं. चौथ्या पानावर 'उपरोक्त विवेचनाच्या अनुषंगाने' या झुडपामागे काहीतरी हललं, पण तो डबा नव्हता. ती 'पायाभूत सुविधांची अनुपलब्धता' निघाली.

"जे आत्ता बोललात तेच लिहा," ती म्हणाली. मी पेन्सिल तिच्यापुढे धरली. पटकन लिहून टाकेल, तिला काय, तिचं इंग्रजी चांगलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बँकेत कॅशियर 'लंच टाइम'ची पाटी ठेवतो, तसे.

मग पुढचा छळ. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला समासात एका ओळीत लिहायचं, हा परिच्छेद काय सांगतो. दुसऱ्याशेजारी लिहिलं, 'डबे लांब असतात.' चौथ्याशेजारी, 'डबे लांब असतात, वेगळ्या शब्दांत.' पाचव्याशेजारी, 'डबे, पुन्हा.' सहाव्यापाशी पेन्सिल थांबली ती हलेना. तो परिच्छेद मी दोन रात्री जागून लिहिला होता. भाषा अशी की स्वतःलाच वाचून भरून आलं होतं. सांगत काहीच नव्हता.

"ठेवायचा का?" मी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

हे त्यांचं ब्रह्मास्त्र. मला काय वाटतं हे मला माहीत असतं तर मी अपॉइंटमेंट कशाला घेतली असती? सहावा परिच्छेद मी स्वतःच्या हाताने उडवला. तिने सांत्वन म्हणून टिश्यूचा खोका पुढे केला असता तर मी घेतला असता.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी काकुळतीला आलो. व्याकरण राहू दे, निदान संदर्भ तरी? त्यावर मात्र ती सरळ बोलली. एपीए या संदर्भ देण्याच्या नियमावलीच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि पुढे 'एट आल', म्हणजे 'आणि इतर'. म्हणजे पाचपैकी चौघे गेले. त्या चौघांची आडनावं मी बिनचूक टाइप केली होती. अख्ख्या निबंधात बिनचूक तेवढंच होतं.

त्या रात्री रागारागाने वाचन केलं तेव्हा कळलं, हे त्या मुलीचं वैयक्तिक वैर नव्हे. १९८४ साली स्टीफन नॉर्थ नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने लिहून ठेवलंय की रायटिंग सेंटरचं काम लेखन सुधारणं नव्हे, लिहिणारा सुधारणं. आधी मुद्दा आणि मांडणी, स्वल्पविराम मागाहून, हाही तिथला ठरलेला क्रम. त्याला कारण आहे, हे मान्य करावं लागतं: जो परिच्छेद उडणारच आहे त्यातले स्वल्पविराम नीट करणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं. पण उद्या निबंध द्यायचाय आणि आज कोणीतरी आपल्याला सुधारायला बसलंय, हे सहन करायला वेगळी छाती लागते.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम दुसऱ्या ट्यूटरची वेळ घेतली. हा मुलगा आळसावलेला दिसत होता; मला आशा वाटली. त्याने खुर्ची ओढली, जांभई दिली, पेन्सिल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मोठ्याने वाचा."

मी वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून ओळखीचा आवाज आला. तीच मुलगी. पण आज कागद तिच्यासमोर होता आणि पेन्सिल तिच्या हातात. एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर तिचा श्वास संपला होता.

"तुला काय वाटतं?" शेजारच्या ट्यूटरने तिला विचारलं.

"मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "उद्या द्यायचाय. एवढे कॉमे बघ ना फक्त."