पाम बीच रोडवरचे ते पक्षी हंस नव्हेत

नवी मुंबईतले गुलाबी पक्ष्यांचे पुतळे म्हणजे सरस्वतीचे हंस, एका पायावरची त्यांची तपश्चर्या शहराला तारते, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. ते फ्लेमिंगो आहेत, आपल्या मराठीत रोहित. महापालिका शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, म्हणून ते उभे केलेत. खरे पक्षी ठाणे खाडीत येतात. २०२२ साली तिथल्या अभयारण्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांतल्या रंगद्रव्याचा. एका पायावर उभं राहायला त्यांना फारसा जोर लागत नाही, तपश्चर्या कसली! नीरक्षीरविवेक म्हणाल तर थोडा आहे: वाकडी चोच उलटी बुडवून चिखलपाण्यातून खाणं गाळतात. नमस्कार जरूर करा, पण गाडी बाजूला लावून.