मुत्सद्दी म्हणजे कारकून

जेटीवरच्या मीटिंगचं आता सांगत बसत नाही, व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन गेलाय. मासेमारीवरून भांडणारे पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींवरून मोठं जाळं टाकणारे) आणि रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) यांना भाईंच्या पुढारी साहेबांनी समेटासाठी एका सोफ्यावर बसवलं, शाली झाल्या, फोटो झाला. संध्याकाळी साहेबांचे कार्यकर्ते भाई बंदरावरच्या कट्ट्याकडे आले. आले म्हणजे बुलेटवरून अवतरले. सूर्य बुडाला तरी गॉगल डोळ्यांवरच. उभ्यानेच सुरू झाले, "बघितलीत आमच्या साहेबांची मुत्सद्देगिरी?"

बाबल फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणाला, "फोटो बघलंय. कागद खंय आसा?"

"कसला कागद?"

"काय ठरला तेचो. पर्ससीन डिसेंबरपर्यंतच, ह्यां २०१६ पासून कागदावर आसा, तरी जानेवारीत दर्यात तेंच्यो लायटी दिसतत. मगे तोंडी ठरल्याचा काय घेवन बसलंस?"

"अरे, कागद ही कारकुनाची भाषा," भाईंनी हात उंचावला. समोर माईक असल्यासारखा त्यांचा हात आपोआप वर जातो. "मुत्सद्दी वेगळा. शब्दच बघा ना, मूळ संस्कृत. मुद् म्हणजे आनंद, सत् म्हणजे सज्जन. सज्जनांना आनंद देतो तो मुत्सद्दी!"

दिगू खुसखुसायला लागला. त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर तो शाळेपासून हसतोय.

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, भाई, शब्द अरबी. मुतसद्दी, म्हणजे काम अंगावर घेणारा. फारसी दफ्तरांतून आपल्याकडे पोचेपर्यंत तो जमाखर्च ठेवणारा कारकून, अंमलदार झाला होता. राज्याची लिखापढी याच लोकांच्या हातात, तहाचे मसुदे यांचेच. मग हळूहळू धोरणी, आतल्या गाठीच्या माणसाला तो शब्द चिकटला. मुळात कारकूनच.

कट्ट्याच्या टोकाला अण्णा शेंगा सोलत होते. चौतीस वर्षं कचेरीत टेबलामागे काढलेला माणूस. शेंग हातातच राहिली. "म्हणजे मी...?"

"तुमी मुत्सद्दी!" बाबल म्हणाला. "पेन्शनवालो."

"आणि नाना फडणवीस?" भाई मागे हटेनात. "ते कोण होते? आपल्या कोकणातले! वेळासचं घराणं!"

"वेळास मंडणगडात," बाबल म्हणाला. "तू मुंबईक गेल्यार देवगडवाल्याक वळखणस नाय, आणि आता मंडणगड आपला?"

मी म्हटलं, भाई, नवीस म्हणजेच लिहिणारा. चिटणीस, वाकनीस, फडणवीस सगळे एकाच पंगतीतले. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना अर्धे का? तर लेखणी चालवायचे, तलवार नाही. शिवाजी महाराजांकडे परराज्यांचं काम बघायचा तो डबीर, नंतर त्याला सुमंत म्हणू लागले. फारसीत दबीर म्हणजे पुन्हा लेखनिकच. एवढंच कशाला, इंग्रजांची डिप्लोमसी निघाली डिप्लोमा या ग्रीक शब्दातून, आणि त्याचा अर्थ घडी घातलेला कागद.

"म्हणजे सगळेच लिवणारे," बाबल म्हणाला. "नुसतो बोलणारो एक तरी निघालो काय?"

एक निघतो. सुरत बंदराच्या मुघल अधिकाऱ्याला मुत्सद्दीच म्हणत. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले तेव्हा तिथला अंमलदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला, आणि बोलणी करायला म्हणून एक माणूस पाठवला. तो बोलता बोलता खंजीर काढून महाराजांच्या अंगावर धावला. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याचा हात तोडला.

"बघा! कागद सोडल्यान आणि हातघाईर इलो. हात गेलो."

भाईंना हे लागलं. साहेबांनी कुणावर खंजीर उगारला नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कुणी तसं म्हटलंही नव्हतं. वातावरण निवळावं म्हणून मी आपली आणखी माहिती पुरवली (ही माझी खोड, बायको यावरूनच बोलते) की बंगालीत मुत्सुद्दी म्हणजे गोऱ्या साहेबाच्या पेढीचा दलाल.

बाबलने पहिल्यांदा जाळ्यावरून मान वर केली. "साहेबाचो दलाल? मगे भाई बरोबरच बोललो. ह्यो अर्थ चलात."

यावर जे हसणं झालं त्यात दिगूचा चहा सांडला, आणि चहा सांडला की दिगूला जुनं आठवतं. "हसतास काय! ह्या मुत्सद्द्यान एका सात-बाराक माका सात खेपा मारूक लावल्यान! आज साहेब रजेर, उद्या शिक्को नाय, परवा तलाठी दौऱ्यार..."

"सहा," अण्णा म्हणाले.

"काय सहा?"

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून छोटी डायरी काढली. रबरबँड लावलेली. चष्मा पुसला, पानं उलटली. जुन्या डायऱ्यांतलं महत्त्वाचं दर वर्षी नव्या डायरीत उतरवून घेतात म्हणे. माणूस निवृत्त झाला तरी टेबल काही सुटत नाही. "सहा खेपा. सातव्या खेपेला उतारा तयार होता, तूच आला नाहीस. कणकवलीला वऱ्हाडात गेला होतास. आणि दिगंबर, गणपतीत माझ्याकडून दोनशे नेलेस. तेही लिहिलेलं आहे."

दिगू गप्प. कपबशीकडे बघत बसला.

"अण्णा, भाईचा काय आसा?" बाबलने हळूच विचारलं.

अण्णांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. "चहा चौदा. भजी तीन प्लेट. शिवाय मागच्या निवडणुकीत या कट्ट्याला पत्र्याची शेड..."

"ते तोंडी होतं!" भाई ओरडले, आणि लगेच मोबाईल कानाला लावला. "हां साहेब, बोला साहेब, निघालोच..."

बुलेट वळणापर्यंत गेली असेल नसेल, तेवढ्यात दिगूने कट्ट्यावरून मोबाईल उचलला. "ह्यो कोणाचो रे?"

भाईंचाच होता. कानाला त्यांनी गॉगलची डबी लावली होती.