प्रश्नचिन्हापुढचे सारे खरे माना

वेब ॲप्लिकेशन लिहिताना एका पानावरची माहिती दुसऱ्या पानावर कशी न्यावी, याचा तुम्ही फार विचार करू नका. यूआरएलच्या, म्हणजे पानाच्या पत्त्याच्या, शेवटी प्रश्नचिन्ह टाकावे आणि जवळ असेल-नसेल ते सारे & चिन्हाने एकापुढे एक जोडून मोकळे व्हावे. पासवर्डसुद्धा तिथेच असू द्या. तो ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीतही, उतरतो, त्यामुळे ग्राहक तो विसरलाच तर लॉग चाळणारा कोणीही सांगू शकेल. वाटेतली माहिती कूटबद्ध करणारे एचटीटीपीएस असताना भीती कसली, असे सहकाऱ्याने म्हटले तर मान डोलवावी. वाटेत झाकलेला पत्ता दोन्ही टोकांना उघडा असतो, हे सांगून त्याचा विरस कशाला करायचा? सेशन आयडी, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची ओळख पटवणारी खूण, हीही यूआरएलमध्येच घाला. एखाद्या बाईंनी आवडलेल्या साडीची लिंक जावेला व्हॉट्सॲपवर पाठवली, की जाऊबाई साडी पाहता पाहता थेट त्यांच्या खात्यात शिरतील आणि जुन्या ऑर्डरींच्या रकमाही वाचतील.

वस्तूचा दरही लिंकमधूनच घ्यावा. ‘दर=१४९९’ यातले मधले दोन आकडे खोडून कोणी १९ रुपये केले, तर ती घासाघीस समजावी.

पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हापुढची ‘नाव=मूल्य’ अशी जोडी, वाचताना तर मन मोठे ठेवा. ‘बिल=१०४२’ असे आले की ते बिल दाखवावे; मागणाऱ्याचा त्याच्यावर हक्क आहे का, हे तपासणे म्हणजे आलेल्या माणसावर अविश्वास दाखवणे होय. फर्स्ट अमेरिकन या अमेरिकी टायटल इन्शुरन्स (मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा) कंपनीच्या संकेतस्थळावर हा उदारपणा २०१९ मध्ये उघडकीस आला. लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याची कागदपत्रे लॉगिनशिवाय उघडत होती, आणि २००३ पासूनच्या अशा नोंदी सुमारे ८८ कोटी ५० लाख होत्या. तुमच्या पहिल्या प्रकल्पाला एवढी मजल मारता येणार नाही, पण सुरुवात तर करा.

नोंद पुसण्यासाठीही ‘हटवा=हो’ अशी साधी लिंक पुरे. गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरने २००५ मध्ये वेळ वाचवण्यासाठी पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा अशा लिंकाही त्याने इमानेइतबारे उघडल्या आणि लोकांचा मजकूर त्यांनी न सांगता साफ झाला.

यूआरएलमधून आलेला प्रत्येक आकडा मजकूर असतो, याकडे लक्ष देऊ नये. ‘पान=२’ मध्ये जावास्क्रिप्टने एक मिळवताना तो नुसता शेजारी चिकटवून २१ केले, तर वाचकाने मधली पाने वाचली असे धरावे.

एन्कोडिंगचा, म्हणजे पत्त्यात थेट न चालणारी अक्षरे टक्क्याच्या चिन्हांनी लिहिण्याचा, तर नादच सोडा. ‘पुणे’ एन्कोड केले की टक्क्याच्या चिन्हांसकट ३६ चिन्हे होतात. एवढे पुण्याचे लाड कोण करणार? ‘पाटील & सन्स’ हे नाव आहे तसेच जोडावे, म्हणजे सर्व्हरला नुसते पाटील मिळतात आणि सन्स वेगळे पॅरामीटर होऊन बाहेर पडतात; बापलेकांची वाटणी कोर्टाची पायरी न चढता होते. प्रश्नचिन्हापुढे अधिक चिन्ह म्हणजे रिकामी जागा, त्यामुळे ‘सी++’ ही प्रोग्रामिंग भाषा शोधणाऱ्याच्या दोन्ही अधिक चिन्हांच्या जागी रिकामी जागा येते, आणि तो बिचारा जुन्या सी भाषेवर समाधान मानतो.

एकच नाव दोनदा आले तरी गडबडू नका. ‘शहर=पुणे&शहर=नागपूर’ यातून पीएचपी ही सर्व्हरवरची भाषा शेवटचे शहर उचलते, तर जावाच्या सर्व्हलेटमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅममध्ये) एकच मूल्य मागितले की पहिले मिळते. तपासणी जावात आणि पाठवणी पीएचपीत ठेवावी, म्हणजे परवानगी पुण्याची निघते आणि माल नागपूरला पोचतो.