आमदारकी लढवणाऱ्यांनी माघारीची तारीख आधी बघावी

विधानसभेला उभे राहायचे ठरलेच असेल, तर पहिला खर्च फ्लेक्सचा. ‘भावी आमदार’ एवढेच लिहा, मतदारसंघाचे नाव नको. वय २५ पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव असले की भागते, त्यामुळे ऐनवेळी तोच फ्लेक्स शेजारच्या तालुक्यातही चालतो. वर साहेब मोठे, खाली तुम्ही हात जोडून, आणि कडेने पोरांचे पासपोर्ट फोटो, मावतील तितके.

मग साहेबांना भेटा. ते ‘कामाला लागा’ म्हणतील. त्याच आठवड्यात तुमच्याच मतदारसंघातल्या आणखी चौघांना ते हेच म्हणालेले असतात. तरी लागा. खेळ पैठणीचा, अष्टविनायक दर्शन, जे काही असेल ते आचारसंहितेच्या आधी उरका. नंतर चहा-वडापावपासून खुर्चीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवते आणि तो तुमच्या खर्चात धरते.

तिकीट मिळणार नाही, हे गृहीत धरून अर्ज भरा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. एबी फॉर्म, म्हणजे तिकीट तुम्हालाच दिल्याचे पक्षाचे पत्र, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या सहीचा लागतो. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. म्हणून दहा सह्यांचा एक अर्ज बाजूला असू द्या. चार अर्जांपर्यंत मुभा आहे, अनामत एकदाच: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००. चेक घेत नाहीत. चिल्लर घेऊन जाण्याची युक्ती चांगली होती, पण इतक्यांनी केली की आता फोटो आतल्या पानावर जातो.

शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. अर्ज दिल्यावर शपथही घ्यायची असते, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. जेसीबीतून फुले उधळत मिरवणूक जरूर काढा, पण घड्याळ बघा. आत तुमच्यासह पाचच माणसे सोडतात आणि तीनला दार बंद होते. २०२४ला नागपुरात एका माजी मंत्र्यांचा अर्ज काही मिनिटांच्या उशिराने राहिला. अर्ज छाननीतच बाद झाला, तर तुमची समजूत काढायला कोण येणार?

आणि समजूत हाच तर या सगळ्याचा गाभा. छाननी झाल्यापासून माघारीच्या मुदतीपर्यंतचे दोनेक दिवस तुम्ही खरे आमदार असता. २०२४ला छाननी ३० ऑक्टोबरला आणि माघार ४ नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत. मध्ये लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, म्हणून दिवस वाढले. पाच वर्षे फोन न उचलणारे नेते बंडखोरांच्या ओट्यावर फराळाला बसले. असे कुणी आले की चकली पुढे करा, विषय मात्र त्यांनाच काढू द्या. माघारीसाठी पैसे देणे-घेणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात भ्रष्ट आचरण ठरते, त्यामुळे कुणी काही देत नाही आणि कुणी काही घेत नाही. ‘पक्षहित’ एवढेच बोलले जाते. महामंडळाचा शब्द मिळाला तर साक्षीदार ठेवा. राज्यपालनियुक्त आमदारकीचा मिळाला तर हसून नमस्कार करा. नोव्हेंबर २०२०मध्ये सरकारने राज्यपालांकडे पाठवलेली १२ नावे तशीच पडून राहिली, ते आठवा.

भाव वाढावा म्हणून फोन बंद ठेवायचा असतो. ‘नॉट रिचेबल’ अशी बातमी आली की अर्धे काम झाले. पण तीनच्या तासभर आधी रिचेबल व्हा. माघारीच्या अर्जावर सही तुमचीच लागते. स्वतः जाणार नसाल तर सूचकाला लेखी अधिकार देऊन पाठवा. पाच मिनिटे चुकली की नाव मशिनवर राहिलेच. मग अधिकृत उमेदवाराला जाहीर पाठिंबा देता येतो, पण तो फुकट द्यावा लागतो. २०२४ला जवळपास तीन हजार जणांनी वेळेत माघार घेतली. उरलेल्या चार हजारांवर उमेदवारांत निम्मे अपक्ष होते. त्यांतले निवडून आले दोन.

तुमचे नाव एखाद्या मोठ्या उमेदवाराशी जुळत असेल, तर मात्र गणितच वेगळे. २०१४च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाने नऊ हजारांवर मते घेतली. असे नाव असेल तर तुम्ही ओट्यावर बसा, नेतेच रांग लावतील. मशिनवर पहिला नंबर मिळावा म्हणून ‘अ’वरून नाव शोधू नका, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, अपक्ष शेवटी.

लढलातच, तर खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि त्याचे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे. मतदान केंद्रे साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे तितके पोलिंग एजंट. फ्लेक्सवरच्या पोरांना विचारून बघा; त्या दिवशी बहुतेकांच्या घरी लग्न असते. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, दोन लाख मते पडली तर ३३,३३४.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, पडलात तरी. नाही दिला तर आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. फार घाबरू नका, पुढची विधानसभा पाच वर्षांनी असते.