आयत्या बिळावर एनएचएल

स्पष्टच लिहितो. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची बडी लीग, जवळजवळ दर मोसमात युरोपात दोन-चार सामने खेळायला येते आणि जाताना "आम्ही खेळ जगभर नेतोय" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेते. स्टॉकहोममध्ये बसून हे ऐकताना आयत्या बिळावरचा नागोबा आठवतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टोरांटो, डेट्रॉइट, ओटावा आणि मिनेसोटा असे चार संघ इथे आले होते. सराव-बिराव नाही, गुणतक्त्यात धरले जाणारे सामने. रविवारचा टोरांटो-मिनेसोटा सामना दुपारी दोनला होता, म्हणजे टोरांटोत सकाळचे आठ. तिथल्या लोकांना एकदा तरी आमच्या घड्याळाप्रमाणे उठावं लागलं, याचं ऑफिसात सगळ्यांना कोण समाधान! एरवी उलटं असतं. तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की इथे रात्रीचा एक वाजलेला असतो. माझ्या शेजारच्या टेबलवरचा सहकारी हिवाळाभर सुजलेले डोळे घेऊन मीटिंगला येतो. कारण कुणी विचारत नाही, फक्त स्कोअर विचारतात.

त्या रविवारी टोरांटो ४-३ जिंकलं आणि ओव्हरटाइममधला विजयी गोल केला विल्यम निलँडरने. पोरगा स्वीडनचा. (जन्म कॅलगरीचा, कारण वडील तेव्हा तिथल्या संघातून खेळत होते. हॉकीवाल्यांच्या घरात जन्मगाव हा वडिलांच्या नोकरीचा भाग असतो.) सामना झाला त्या ग्लोबेन स्टेडियमच्या गोल घुमटाखाली टोरांटोचे निळे शर्ट जिकडे तिकडे. पाठीवर कुणाच्या २१ नंबर, कुणाच्या १३. २१ म्हणजे स्वीडनचा बोर्ये साल्मिंग, जो १९७३ मध्ये टोरांटोला गेला. युरोपातून आलेली पोरं मार बसला की रडतात, असा तिकडे समज होता. साल्मिंगने सोळा मोसम तो मार खाऊन दाखवला. १३ म्हणजे मॅट्स सुंडिन, तोही स्वीडनचा, पुढे त्याच संघाचा कर्णधार झालेला. तो शर्ट घालून आलेल्या माणसाला हॉकीची गोडी त्या रविवारी लागली, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हात जोडावेत.

टाम्पेरेचीही तीच गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि डॅलस फिनलंडच्या त्या गावात खेळले. फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्सांडर बारकोव्ह जन्मला टाम्पेरेत, मोठ्यांच्या लीगमध्ये आला तो तिथल्याच टापारा क्लबातून. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला आणि मग गावात खेळायला आला. समोर डॅलसकडून हाइस्कानेन, हिंट्झ, लिंडेल, तेही फिनलंडचेच. लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते. आता हा आनंद खोटा आहे असं मी कुठे म्हणतोय? पण बारकोव्हला घडवलं कुणी? पहाटे सहाला रिंक उघडणाऱ्या क्लबाने, मुलांना गाडीत घालून नेणाऱ्या आयांनी, फुकट कोचिंग करणाऱ्या बापांनी. पोरगा तयार झाला की लीग त्याला उचलते, मागे करारात ठरलेली रक्कम येते. फुटबॉलसारखं घासाघीस करून भाव ठरवायची सोय क्लबांना नाही. मग तोच पोरगा वर्षा-दोन वर्षांनी दोन रात्रींसाठी परत आणायचा आणि त्याच गावाला तिकीट विकायचं.

ग्लोबेनला लागूनच होवेट नावाचं जुनं स्टेडियम आहे, यूरगोर्डेन क्लबाचं. तिथला उभ्याचा स्टँड एकदा बघाच. लोक पहिल्या मिनिटापासून साठाव्या मिनिटापर्यंत गातात. संघ तीन गोलांनी मागे असला तरी गातात, किंबहुना जास्तच गातात. २०२२ मध्ये यूरगोर्डेन खालच्या लीगमध्ये घसरला आणि २०२५ मध्ये परत वर आला, तेवढा काळ लोक गातच होते. शेजारी एनएचएल आली की पडद्यावर अक्षरं झळकतात, "आवाज करा". लोक करतात, मग पडदा बंद होतो आणि लोक फोन काढतात.

बरं, जिथे आपली पोरं नाहीत तिथे काय होतं? ऑक्टोबर १९९७ मध्ये एनएचएलने पहिल्यांदा उत्तर अमेरिकेबाहेर मोसमातले सामने खेळवले ते टोकियोत, व्हँकुव्हर विरुद्ध अनाहाइम. पुढच्या फेब्रुवारीत नागानोचं ऑलिंपिक होतं, तिथे एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच उतरणार होते, म्हणून ही हवा. अनाहाइमकडे पॉल कारिया होता, वडील जपानी वंशाचे, देखणा खेळ. पोस्टरवर छापायला याहून चांगला माणूस मिळाला नसता. पण कराराचं भांडण चालू होतं आणि कारिया संघाबरोबर आलाच नाही. डिसेंबरात करार झाला. मग फेब्रुवारीच्या पहिल्याच तारखेला एका सामन्यात तोंडावर काठी बसून तो जखमी झाला आणि नागानोही हुकलं. जपानने त्या हिवाळ्यात कारिया प्रत्यक्ष पाहिलाच नाही. लीग १९९८ आणि २००० मध्ये पुन्हा आली, नंतर मोसमातल्या सामन्यांसाठी जपानचं नावच घेतलं नाही. पहिला जपानी खेळाडू, युताका फुकुफुजी हा गोलरक्षक, एनएचएलमध्ये दिसला तो २००७ मध्ये, आणि तेही मोजून चार सामने.

चीनमध्ये तर घाई आणखी उघडी होती. बीजिंगचं २०२२ चं ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवून २०१७ मध्ये शांघाय-बीजिंग, २०१८ मध्ये शेनझेन-बीजिंग असे मोसमापूर्वीचे सामने झाले. त्याच २०१८ मध्ये लीगने प्याँगचांग ऑलिंपिकला आपले खेळाडू पाठवले नव्हते. २०२२ ला कोविड आडवा आला आणि बीजिंगलाही कुणी गेलं नाही. त्यानंतर चीनचं नाव निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

मेलबर्नचं थोडं वेगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये रॉड लेव्हर अरीनात, टेनिसच्या कोर्टाच्या जागी बर्फ घालून, लॉस एंजेलिस आणि अ‍ॅरिझोना खेळले. प्रेक्षक भरभरून आले, हौसेने आले. पण सिडनीत वाढलेला नेथन वॉकर, एनएचएलमध्ये खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन, तेरा वर्षांचा असताना घर सोडून चेक देशात गेला होता, कारण वर चढायची शिडी घराजवळ नव्हती. दोन रात्रींच्या बर्फाने ती शिडी होत नाही. तिसऱ्या दिवशी तो बर्फ वितळवतात.

मुंबईनेही हा प्रकार एकदा पाहिलाय, फक्त बास्केटबॉलचा, तिकडच्याच एनबीए लीगचा. ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच. पहिला सामना शाळकरी पोरांसाठी राखून ठेवलेला आणि निकाल ओव्हरटाइममध्ये एका गुणाने लागला. याहून चांगला सामना मागूनही मिळाला नसता. माझा भाचा अजून त्या दिवसाबद्दल बोलतो. खेळतो मात्र बॉक्स क्रिकेट, कारण सोसायटीत तेच आहे. उलट लेह-लडाखकडे बघा. तिथे कुठली एनएचएल गेली होती? गोठलेल्या तलावांवर शिकलेल्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया कपचं कांस्य आणलं.

"मग त्यांनी येऊच नये का?" असं कालच एकाने विचारलं. यावं की! पण आपसांत खेळून जाऊ नये. इथल्या क्लबांशी खेळावं, काहीतरी पणाला लावून. हे पूर्वी झालंय. सप्टेंबर २००९ मध्ये झुरिचच्या झेडएससी लायन्सने व्हिक्टोरिया कपमध्ये, म्हणजे युरोपातला क्लब विरुद्ध एनएचएलचा संघ अशा चषकात, शिकागोला २-१ ने हरवलं. हाच शिकागो पुढच्या जूनमध्ये स्टॅन्ली कप जिंकला. तेव्हा कुणाला वाटलं असेल, आता दरवर्षी मजा! तो चषक त्यानंतर पुन्हा खेळवलाच गेला नाही. का, ते ज्याने त्याने समजून घ्यावं. टोरांटो विरुद्ध यूरगोर्डेन होवेटवर लावा, पडद्यावरची ती अक्षरं बंद ठेवा, मी दुप्पट पैसे मोजून उभ्याच्या स्टँडमध्ये येतो.