बोट आधी घ्यावी, पाणी नंतर पाहावे

तळ्यावर फिरण्यासाठी स्वतःची बोट घेण्याचा विचार ज्यांच्या मनात पक्का झाला आहे, त्यांचे प्रथम अभिनंदन. ज्यांच्या मनात तो अजून कच्चा आहे, त्यांनी पुढील मजकूर वाचून तो लवकरात लवकर पक्का करावा, कारण बोटीच्या व्यवहारात खरा धोका एकच असतो आणि तो म्हणजे पैसे देण्यापूर्वी फार विचार करणे.

तळे कोणते, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा अवघड नाही. नाव घेण्याजोगे मोठे नैसर्गिक तळे म्हणजे लोणारचे. ते खारे, अल्कधर्मी आणि वर अभयारण्यात, त्यामुळे तिकडे बोट नेण्याचे मनातही आणू नये. पवईला मगरी आहेत. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका हाकायला शिकतात, आणि विशीही न गाठलेल्या त्या मुलांच्या देखत आपण जागच्या जागी गोल फिरत राहणे प्रतिष्ठेला धरून होणार नाही. मुळशीचे पाणी टाटांच्या वीजनिर्मितीचे असून ते अडवण्याच्या वेळी, १९२१ साली, बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग भोगला. इतका इतिहास पाठीशी असलेल्या पाण्यावर मोठ्या आवाजात गाणी लावायला जीव थोडा कचरतो, निदान पहिल्या खेपेला तरी. म्हणून पवना उत्तम. एका बाजूस लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या बाजूस तुंग आणि तिकोना, मध्ये निळेशार पाणी, आणि काठावर आपण ज्याचा पहिला हप्ता भरून बसला आहात तो 'लेक व्ह्यू' प्लॉट.

माहितीपत्रकात ज्याला 'लेक' म्हटले आहे, ते वस्तुतः जलसंपदा विभागाचे धरण आहे, त्याची उपयुक्त साठवणक्षमता ८.५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातील पाण्याची पिंपरी-चिंचवडमधील लाखो घरे सकाळी बादल्या मांडून वाट पाहत असतात, हे तपशील प्लॉट विकणाऱ्याने सांगितले नसतील तर त्याला दोष देऊ नये. आपण आनंदासाठी बोट घेणार आहात. ती दुसऱ्या शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत फिरवायची आहे, असे म्हटले की त्यातली रम्यता उणावते. ज्यांची शेते आणि घरे या पाण्याखाली गेली, ते धरणग्रस्त पुनर्वसनाच्या जमिनीसाठी अर्धशतकानंतरही कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आहेत, हे वाक्य तर माहितीपत्रकात कोणत्याही कोपऱ्यात बसण्यासारखे नाही.

आता बोटीची निवड. प्रकार अनेक असले तरी निकष एकच ठेवावा, तो म्हणजे काठावरून आपल्याला कोण पाहणार आहे. वल्ह्याची होडी किंवा कयाक घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो आपला हितचिंतक नव्हे हे ओळखावे. कयाक दोघांनी उचलून गाडीच्या टपावर बांधता येते, तिला पेट्रोल लागत नाही, ट्रेलर लागत नाही, ती गुडघाभर पाण्यातही तरंगते आणि पाणी मागे सरकले तर तिलाही उचलून मागे नेता येते. थोडक्यात, धरणासाठी ती इतकी सोयीची आहे की ती घेऊन मिरवण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही. हवा भरण्याच्या बोटीचेही तेच. शिडाच्या नौकेला वारा लागतो आणि वाऱ्याबरोबर अक्कलही लागते, तेव्हा तिचा विचार सोडून द्यावा. उरतात दोन. ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांवर सपाट फळी टाकून तीवर सोफे मांडलेली पाँटून बोट ही अमेरिकेतील तळ्यांवर फार चालते, आणि मिनेसोटातील आपल्या भाच्याने तिचे फोटो पाठवलेही असतील. त्या राज्याच्या गाड्यांच्या पाट्यांवरच 'दहा हजार तळी' असे अभिमानाने लिहिलेले असते. ती तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत, त्यांचे पाणी कोणत्याही महापालिकेच्या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली होत नाही, आणि बोट पाण्यात उतरवण्यासाठी तिकडच्या सरकारने सार्वजनिक रॅम्प बांधून ठेवले आहेत. हा फरक भाच्याला विचारू नये. तो सांगेल.

दुसरा, आणि आपल्यासाठी योग्य, प्रकार म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकदार बुडाची फायबरची स्पीडबोट. हे बूड लाटा कापण्यासाठी असते. धरणात लाटा नसतात हे खरे. परंतु ही बोट एकदा वेगाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली की पुरेशा लाटा तयार होतात, आणि परत येताना त्या कापता येतात. इंजिनाच्या बाबतीत काटकसर करू नये. पाच-सहा माणसांना शांतपणे फिरवण्यासाठी पंधरा-वीस अश्वशक्ती पुरेल असे जाणकार म्हणतील. आपण चाळीसचे घ्यावे. पूर्ण वेगात ते तासाला बारा-पंधरा लिटर पेट्रोल पिते, आणि पंपावरचा मुलगा प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल द्यायला तयार होत नाही, हे दोन्ही मुद्दे खरेदीनंतर सोडवण्यासारखे आहेत. चाळीस अश्वशक्तीवर पवनेचे हे टोक ते ते टोक अंतर पंधरा-वीस मिनिटांत संपते. त्यानंतर काय करायचे याचे उत्तर कोणत्याही बोटविक्रेत्याकडे मिळत नाही, कारण आजवर कोणी ते विचारलेले नाही.

परवडण्याचा प्रश्न पुष्कळ लोक उगाच अवघड करून ठेवतात. समजा बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून किंमत दहा लाख रुपये आहे. सप्टेंबर २०२५ पासून करमणुकीच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे; त्याच यादीत रिव्हॉल्वर, पिस्तुले आणि खासगी वापराची विमाने आहेत, यावरून आपण कोणत्या सोबतीत जाऊन बसलो आहोत याची कल्पना यावी. ट्रेलरचा हिशेब वेगळा लागेल, पण उदाहरणापुरते चौदा लाख धरू. बोटीसाठी म्हणून कर्ज देणारी बँक शोधत बसण्यापेक्षा वैयक्तिक कर्ज घ्यावे. व्याज बारा टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली तर मासिक हप्ता ३१,१४२ रुपये पडतो. वर्षाचे झाले ३,७३,७०४. आता बोट वर्षातून किती वेळा पाण्यात जाईल ते पाहू. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणून ते महिने सोडावेत. एप्रिल-मेमध्ये पाणी सोडून जाते, म्हणून तेही सोडावेत. उरलेल्या सहा महिन्यांतील शनिवार-रविवारांतून दिवाळी, लग्ने, मुलांच्या परीक्षा, सासरच्या मंडळींचे वाढदिवस आणि लोणावळ्याच्या अलीकडे तुंबलेल्या रांगेत गेलेले शनिवार वजा केले की आठ खेपा राहतात, आणि हा अंदाज उदार आहे. दर खेपेचा हप्ता ४६,७१३ रुपये पडला. यात पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि काठावरच्या रखवालदाराचा पगार धरलेला नाही. तो धरायचा नसतो, कारण मग बोट घेताच येत नाही.

पत्नीला हा हिशेब दाखवताना भागाकार करू नये. 'महिना एकतीस हजार, म्हणजे रोजचे हजार रुपये' अशा रीतीने मांडल्यास रक्कम आटोक्यात वाटते. तरीही आक्षेप आलाच, तर गृहकर्जावर टॉप-अप घ्यावा, त्याने हप्ता जवळजवळ दिसेनासा होतो. पंधरा वर्षांच्या मुदतीच्या त्या कर्जाचे शेवटचे हप्ते भरताना बोट अस्तित्वात असेल की नाही, ही शंका मनात येणे साहजिक आहे, परंतु घराच्या बाबतीतही तशी शंका कित्येकांना येतेच.

कायद्याचे फार मनावर घेऊ नये. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे, आणि त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी, विमा वगैरे करावे लागते. शिवाय धरणाच्या पाण्यावर काहीही चालवायचे तर ज्याचे धरण त्याची परवानगी हवी. हे सारे ऐकून घाबरल्यास काठावरच्या एखाद्या कॅम्पवाल्याला विचारावे. तो 'काही होत नाही साहेब' असे सांगेल. काही होईपर्यंत हे विधान तंतोतंत खरे असते.

प्रत्यक्ष जलावतरणाचा दिवस मात्र नीट आखावा. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागे ट्रेलर लावून जाताना आपल्यामागे गाड्यांची जी रांग लागते, ती कौतुकापोटी नसते. काठावर पोहोचल्यावर ट्रेलर पाण्याच्या दिशेने मागे न्यायचा असतो, आणि चाक उजवीकडे वळवले की ट्रेलर डावीकडे जातो, एवढे साधे तत्त्व प्लॉटवर आलेल्या सर्व पाहुण्यांच्या समोर शिकता येते. रॅम्प नसतो; असतो तो लाल-काळा चिखल, ज्यात ट्रेलरची चाके आसापर्यंत रुततात आणि मग गाडीची मागची चाके नुसती जागेवर फिरून जमलेल्या मंडळींवर समान शिंतोडे उडवतात. शेवटी गावातली चार माणसे खांदा लावतात. त्यांतला एखादा म्हातारा, जो आयुष्यभर ट्यूबवर बसून जाळी टाकत आला आहे, हळूच म्हणतो, "साहेब, बूच लावलंय ना?" बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढे एक भोक असते, आत साचलेले पाणी जमिनीवर काढून टाकण्यासाठी ते ठेवलेले असते आणि पाण्यात उतरण्यापूर्वी बुचाने बंद करायचे असते. चौदा लाखांच्या बोटीतील सर्वांत स्वस्त वस्तू ती. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न ऐकून 'हो हो, लावलंय' असे चटकन म्हणावे, म्हणजे घोटे ओले होईपर्यंत आपली प्रतिष्ठा शाबूत राहते.

पाण्यात गेल्यावर पुढे पाहू नये, फोनकडे पाहावे. पुढे पाहिल्यास प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसतील आणि हा कचरा नसून कोणाच्या तरी जाळ्याची खूण आहे, असे लक्षात येऊन वेग कमी करावासा वाटेल. वेग कमी न केल्यास नायलॉनचे जाळे पंख्याच्या दांड्याला असे गच्च गुंडाळते की ते सुरीने कापून काढावे लागते, आणि त्याचा एखादा धागा आत घुसून सील कापून गेला तर गिअरच्या तेलात पाणी शिरते. जाळेवाल्याचे त्या दिवशीचे मासे गेले, त्याचा हिशेब मात्र आपल्या मेकॅनिकच्या बिलात येत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाजू. इंजिनाच्या मागून एक बारीक पिचकारी उडत असते, ती थांबली तर सौंदर्याची हानी झाली एवढेच समजावे. थंड करणारे पाणी चिखलाने अडले आहे, हे इंजिन स्वतःच काही मिनिटांत सांगेल. लाइफ जॅकेट फोटोत जाड दाखवते, म्हणून ते काढून बाकाखाली ठेवण्याची पद्धत आहे. धरणात दरवर्षी माणसे बुडतात, ती आपल्यासारखी पोहता येणारी नसतात, अशी सर्वांचीच समजूत असते.

उन्हाळा लागला की बोट जागच्या जागी आणि तळे दुसरीकडे, अशी स्थिती येते. मार्चअखेर पाणी इतके उतरते की एरवी जलाशयाच्या पोटात असलेले वाघेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि लोक तेथे चालत दर्शनाला जातात. आपली बोट त्या सुमारास भेगाळलेल्या गाळावर एका कुशीवर कललेली असेल, तर दर्शनाला आलेल्या मंडळींना तिची सावली होईल. ती तेथून हलवण्यासाठी ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टर गावात असतो, आणि त्याचा दर आपण कोणत्या प्लॉटचे आहात यावर ठरतो. पालिकेने पाणीकपात जाहीर केली की आपल्याला आनंद व्हायला लागेल, आणि चिंचवडमध्ये राहणाऱ्या सख्ख्या बहिणीपाशी तो लपवणे जड जाईल.

पावसाळ्यात बोट कुठे ठेवायची, हा प्रश्न सोसायटीवर सोपवावा. ट्रेलरसकट ती दोन गाड्यांची जागा व्यापते. सचिव नोटीस लावतील, ती ताडपत्रीखाली सरकवून ठेवावी. प्लॉटवरच ठेवली तर मावळचा पाऊस ती काठोकाठ भरून देतो, आणि पाण्यात बोट असावी ही इच्छा बोटीत पाणी अशा रूपाने पुरी होते. बेडकांना ती आवडते.

दोनेक वर्षांनी ती विकावीशी वाटली तर जाहिरात लिहायला संकोच करू नये, कारण 'अत्यल्प वापर' हे शब्द आपल्या बाबतीत अक्षरशः खरे असतील आणि इंजिनावरचे तास मोजणारे मीटर त्याची साक्ष देईल. फोटो पूर्वीचे, पाण्यातले टाकावेत. किंमत निम्मी सांगून निम्म्याची निम्मी घ्यायची तयारी ठेवावी. कर्जाचे उरलेले हप्ते ही आपली खासगी बाब आहे, ती गिऱ्हाइकाला सांगू नये. त्याला बोट पाहायला सप्टेंबरमध्येच बोलवावे, तेव्हा धरण भरलेले असते.